पाऊस, पंचांग आणि उधाण



नदीचा पूर केव्हा येईल ते सांगता येत नाही. खाडीचे उधाण मात्र तिथी सांगून येते. न्हावा, शेवा, गव्हाण, जासई या बाजूच्या जुन्या माणसांना भरतीची वेळ बोटांवर मोजता येई, कारण त्यांचे भात बांधाच्या आधाराने उभे होते. बांधाबाहेर खारे पाणी आणि आत पावसाच्या पाण्यावरची शेती, असा हा संसार. पुढे १९८९ मध्ये न्हावा शेवाचे बंदर सुरू झाले. रस्ते आले, वसाहती आल्या, पुष्कळ खाजणांवर भराव पडला. पाण्याला पसरायची जागा कमी झाली आणि शेत सुटले तसा घरातला भरतीचा हिशेबही सुटला. पण खाडी जिथल्या तिथे आहे. म्हणून हा हिशेब घरातल्या प्रत्येकाला आला पाहिजे.

तिथीची पाऊणपट

हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याला तिनाने गुणा व चाराने भागा. येईल ती भरतीची वेळ. तृतीयेला सव्वादोन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. वद्य पक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा एकपासूनच मोजायचे. पौर्णिमा व अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या, म्हणजे सव्वाअकरा. दिवसाची एक भरती व रात्रीची एक, दोहोंत सुमारे साडेबारा तासांचे अंतर. हा हिशेब ढोबळ आहे. तास-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ व उंची भरतीच्या छापील वेळापत्रकात मिळते. साडेचार मीटरच्या वर जाणारी भरती मोठी समजावी.

अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. ती बेताची असते. पौर्णिमा-अमावास्येपासून पुढचे तीन-चार दिवस उधाणाचे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी असते, हिवाळ्यात रात्रीची. म्हणजे आषाढ-श्रावणातले मोठे उधाण भर दुपारच्या सुमारास येते. त्याच वेळी पोरे शाळेत असतात, बाया आवणीला असतात आणि गुरे बाहेर चरत असतात.

पाणी अडते कुठे?

बांधातल्या उघाडीचे दार बाहेरच्या अंगाला उघडते. ओहोटीला आतले पाणी दार ढकलून खाडीत जाते. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटते. असे दार भरतीच्या आधी व नंतर दोन-तीन तास मिटलेले राहते. त्या वेळात मुसळधार पाऊस झाला तर ते पाणी जाणार कुठे? ते शिवारात, गल्लीत आणि शेवटी घरात चढते.

२६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि ऐन मुसळधारीत दुपारची भरती आली. त्या दिवशी ना पौर्णिमा होती ना अमावास्या. पौर्णिमा होऊन पाच दिवस झाले होते. म्हणून नुसत्या उधाणाची तिथी पाहून भागत नाही. रेडिओवर अतिवृष्टीचा इशारा ऐकला की लगेच त्या दिवशीची भरती काढा. दोन्हींची गाठ पडते ते चार-पाच तास धोक्याचे.

बांध फुटला तर काय होते, हे दूरच्या हॉलंडनेही भोगले आहे. १९५३ च्या १ फेब्रुवारीच्या पहाटे उधाणाची भरती व वादळ एकदम आले, बांध फुटले आणि तिथली अठराशेहून अधिक माणसे गेली. पुष्कळजण झोपेत होती.

बांधावर

मे महिन्यातच बांध पायी फिरून पाहा. खेकड्यांची व उंदरांची बिळे चोपून बुजवा. उघाडीच्या दारात अडकलेली लाकडे, जाळी, प्लास्टिक ओहोटीला काढा. बांधाबाहेरची तिवरे तोडू नका. लाटांचा मार तीच झेलतात आणि ती तोडणे गुन्हाही आहे.

उधाणाच्या दिवसांत बांधाच्या आतल्या अंगावर नजर ठेवा. झिरपणारे पाणी नितळ असेल तर पाहणी चालू ठेवा. ते गढूळ झाले तर बांधाच्या पोटातली माती निघू लागली आहे. तिथून लगेच दूर व्हा आणि गावाला सावध करा.

भरती चढत असताना खांड बुजवायला कोणीही उतरू नये. उघाडीचे अडकलेले दार मोकळे करायला तर मुळीच नाही. तिच्या तोंडाशी पाण्याची ओढ एवढी असते की पट्टीचा पोहणाराही आत खेचला जातो. ओहोटीची वाट पाहा. मग खुंट ठोकून व मातीच्या गोण्या रचून आधी खांडीच्या दोन्ही कडा धरा, नंतर मधली फट बुजवा. तलाठ्याला व पेणच्या खारभूमी विभागाला कळवा आणि पंचनामा करून घ्या.

घरात

धोक्याचे तास कळले की म्हातारी माणसे व लहान मुले आधीच उंचावरच्या घरी पाठवा. गुरांची दावी सोडा. बांधलेले जनावर जागीच बुडते. बियाणे, रेशनकार्ड, सातबारा, औषधे प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. पाणी उंबऱ्याशी येण्यापूर्वीच, कोरड्या हाताने विजेचा मुख्य खटका बंद करा. गुडघाभर वाहत्या पाण्यात धडधाकट माणसाचाही पाय टिकत नाही. मोटारसायकल तर नाहीच. ओहोटी लागेपर्यंत थांबा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७ आणि तातडीच्या मदतीचा ११२, हे भिंतीवर लिहून ठेवा.

विहिरीत खाडीचे पाणी शिरले तर ते पिऊ नका. उकळून जंतू मरतात, खार जात नाही. पिण्याचे पाणी आधीच भरून ठेवा. पायाला जखम असेल तर चिखलपाण्यात जाऊ नका. पाणी ओसरल्यावर ताप व अंगदुखी आली तर ‘पुरातून चाललो होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. तो लेप्टो असू शकतो आणि त्यावर वेळेवर औषध आहे.

शेतात खारे पाणी आले तर ते ओहोटीला काढून द्या. मग पावसाचे पाणी कोंडून दोन-तीनदा सोडा, म्हणजे खार धुऊन जातो. पुन्हा लावायला थोडी रोपे उंच जागेवर राखून ठेवलेली बरी. खार सोसणारे पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ हे भाताचे वाण पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचेच आहेत. त्यांची चौकशी करा.

आता एवढे करा. भिंतीवरचे कॅलेंडर काढा आणि आषाढ, श्रावण, भाद्रपदातल्या प्रत्येक पौर्णिमा-अमावास्येपासून चौथ्या दिवसापर्यंत लाल पेन्सिलीने खूण करा. हिशेब मुलांकडून करवून घ्या. आणि तुमच्या गावच्या खाडीत पाणी हिशेबापेक्षा किती आधी वा उशिरा चढते, ते दोन-तीन उधाणांना सुरक्षित जागेवरून पाहून त्याच कॅलेंडरवर लिहून ठेवा.