कॅमेऱ्याची डिग्री आणि आपली मुलं

बारावीचा निकाल लागला की मोहल्ल्यातले पालक सल्ल्यासाठी आम्हा शिक्षकांकडे येतात. यंदा एका वडिलांनी मुलीचा मोबाइलच आमच्या हातात दिला. तिनं काढलेले फोटो होते, वजूखान्यातल्या म्हाताऱ्यांचे हात, ईदच्या आदल्या रात्री शिलाई मशीनवर वाकलेली अम्मी. फोटो खरंच चांगले होते. वडिलांचा प्रश्न एकच, "यात डिग्री मिळते का? नुसता कोर्स म्हटलं तर खानदानात काय सांगू?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर नुकतंच बदललं आहे. पुण्याच्या एफटीआयआयला 2025 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेलाही. 1960 मध्ये सुरू झालेली पुण्याची संस्था इतकी वर्षं डिप्लोमाच देत होती. आता तिला स्वतःची डिग्री देता येईल, पीएचडीचे मार्गदर्शनही करता येईल. मुंबईचं जे. जे. 2023 मध्येच अभिमत विद्यापीठ झालं. तिथल्या उपयोजित कलेच्या पदवीत फोटोग्राफी शिकता येते, तीही बारावीनंतर. एफटीआयआयच्या मुख्य अभ्यासक्रमांना मात्र आधी कुठल्याही शाखेची पदवी लागते. पालकांची इथंच गल्लत होते.

एफटीआयआय ज्या जागेवर आहे तिथं पूर्वी प्रभात स्टुडिओ होता. 1941 चा 'शेजारी' प्रभातचाच, हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांच्या दोस्तीचा. त्यात मिर्झाचं काम करणारे गजानन जागीरदार पुढे याच संस्थेचे पहिले संचालक झाले. नसीरुद्दीन शाह, शबाना आझमी, सईद मिर्झा, रसूल पुकुट्टी हे सगळे इथूनच शिकून गेले. म्हणजे आपल्याला हे दार नवं नाही. आपल्या तालुक्यातल्या उर्दू शाळेपासून ते लांब आहे, एवढंच.

घरातली शंकाही आम्ही टाळत नाही. तसवीर जायज की नाजायज, यावर उलमांमध्ये मतभेद आहेत आणि ज्याला परहेज करायचा त्याचा आम्ही आदर करतो. पण हजच्या अर्जाला फोटो लागतो, बयान यूट्यूबवर ऐकलं जातं आणि आपलीच कितीतरी पोरं लग्नाचं शूटिंग करून घर चालवतात. कॅमेरा घरात कधीच आला आहे. तो शिकून हातात घ्यायचा की न शिकता, एवढंच ठरवायचं आहे.

शिकून घेतला की काय होतं, हे दानिश सिद्दीकी यांच्याकडे बघून कळतं. ते जामिया मिल्लियाच्या मास कम्युनिकेशन सेंटरचे विद्यार्थी. रोहिंग्यांच्या फोटोंसाठी 2018 मध्ये रॉयटर्सच्या चमूला पुलित्झर मिळालं, त्यात ते होते. जुलै 2021 मध्ये अफगाणिस्तानात काम करताना ते मारले गेले. कोरोनाकाळातल्या फोटोंसाठी 2022 चं पुलित्झर त्यांना मरणोत्तर मिळालं. त्याच चमूत काश्मीरची सना इरशाद मट्टू होती. तिला मात्र व्हिसा-तिकीट असूनही दिल्ली विमानतळावर अडवण्यात आलं आणि पुरस्कारासाठी न्यूयॉर्कला जाता आलं नाही. आपल्या मुलींना हा रस्ता सुचवताना हेही सांगावं लागेल, लपवून चालणार नाही.

आता खरी अडचण, पैशाची. डिग्री आली की पीएचडीचा रस्ता खुला होतो, पण त्या रस्त्यावर आपल्या मुलांना हात देणारी मौलाना आझाद फेलोशिप केंद्र सरकारनं 2022 मध्येच बंद केली. एक दार उघडलं, तोवर दुसरं लावलं गेलं होतं! शुल्काचीही धास्ती आहेच. 2019 मध्ये शुल्कवाढीविरोधात पुण्याच्या विद्यार्थ्यांनी उपोषण केलं होतं. विद्यापीठ झाल्यावर शुल्क किती वाढतं यावर आपल्या संघटनांनी लक्ष ठेवायला हवं. जकातीतून, इमदादमधून आपण डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्यांची फी भरतो आणि ते योग्यच आहे. पण सिनेमा शिकणाऱ्या गरजू मुलाचा अर्ज आला तर कमिटीत किती जण हसतील, हे आम्ही कमिटीत बसून पाहिलं आहे. मग आपल्याला पडद्यावर टोपी-सुरम्यातला गुंडच का दिसतो, अशी तक्रारही तिथंच होते.

आम्ही त्या वडिलांना जे. जे. आणि जामिया, दोन्हींची माहिती कागदावर लिहून दिली. जामियात 2011 पासून अल्पसंख्याक दर्जामुळे निम्म्या जागा मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी आहेत, हेही लिहिलं. कागदाची घडी करता करता त्यांनी विचारलं, "दिल्लीत मुलींचं होस्टेल कसं आहे?"