स्वस्ताईचे ऋण

नाताळ जवळ आला की आपल्या धर्मग्रामांतील घराघरांतून खरेदीच्या याद्या निघतात. 'एकावर एक मोफत'च्या पाट्या वाचून आपण अवाढव्य दुकानांपुढे रांगा लावतो आणि पैसे वाचवल्याच्या समाधानात घरी परततो. काटकसर हा सद्गुण आहे. तुटपुंज्या मिळकतीत संसार रेटणाऱ्या माउलीने चार पैसे वाचवले, तर तिला बोल लावण्याचा अधिकार आम्हाला नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. जी किंमत आपण मोजली नाही, ती कोणी मोजली?

एक उत्तर बांगलादेशाने दिले आहे. २४ नोव्हेंबर २०१२ रोजी ढाक्याजवळ ताझरीन फॅशन्स या कारखान्याला आग लागली आणि किमान ११२ कामगार मृत्युमुखी पडले. तेथे वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीसाठी शिवलेले कपडे सापडले. पुरवठादाराने आपल्या परवानगीवाचून ते काम तेथे दिले, असा खुलासा कंपनीने केला. पाच महिन्यांनी, २४ एप्रिल २०१३ रोजी, सावर येथील राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आदल्याच दिवशी तिला तडे गेले होते. खालच्या मजल्यांवरील बँक व दुकाने बंद राहिली. शिवणकामगारांना मात्र कामावर बोलावण्यात आले. १,१३४ जीव गेले. युरोप-कॅनडातील स्वस्त कपड्यांच्या दुकानांसाठी ते राबत होते. १ मे या श्रमिक संत योसेफाच्या सणादिवशी पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या महिना ३८ युरो वेतनाचा उल्लेख केला आणि याला गुलामीच म्हटले.

दोष कारखानदाराचा, असे कोणी म्हणेल. त्याचा दोष आहेच. पण बलाढ्य दुकानदार पुरवठादाराकडे दर पाडून मागतो, पुरवठादार तो भार कारखानदारावर ढकलतो आणि कारखानदार उपकंत्राटदारावर. शेवटच्या माणसाकडे कापण्याजोगे दोनच उरते: मजुरी आणि सुरक्षितता. या उतरंडीच्या माथ्यावर स्वस्त मागणारे आपण असतो.

दुकानातील नोकरांची कथा याहून फार वेगळी नाही. कॅनडातील जोंकिएर गावी वॉलमार्टच्या कामगारांनी २००४ साली संघटना स्थापली. २००५ साली ते दुकानच बंद झाले. दुकान तोट्यात होते, असे कंपनी म्हणाली. २०१४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूने कौल दिला. दुकान मात्र पुन्हा उघडले नाही. ही दूरदेशीची गोष्ट म्हणून हात झटकता येत नाहीत. याच वॉलमार्टने २०१८ साली फ्लिपकार्टचा मोठा हिस्सा विकत घेतला आणि तिचा माल आता आपल्या उंबऱ्यापर्यंत येतो.

'हे कारखाने नसते तर त्या मुली उपाशी राहिल्या असत्या,' असा युक्तिवाद केला जातो. राणा प्लाझानंतर अनेक कंपन्यांनी कामगार संघटनांशी बंधनकारक करार केला, कारखान्यांची तपासणी झाली, दुरुस्त्या झाल्या. आणि बांगलादेशाचा वस्त्रोद्योग बुडाला नाही. माणसाला सुरक्षित ठेवूनही धंदा चालतो, हेच यातून सिद्ध झाले.

ख्रिस्तसभेने हे पूर्वीच सांगितले आहे. गरजेपोटी कामगाराने कमी मजुरी पत्करली म्हणून ती न्याय्य ठरत नाही, हे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालीच बजावले. खरेदी हा केवळ व्यवहार नसून नैतिक कृती आहे, याचे स्मरण पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ साली करून दिले.

आणि आपण? वाडीतली भाजी घेऊन बाजारात बसलेल्या बाईशी आपण मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करतो. काचेच्या दारापलीकडे मात्र लिहिलेल्या किमतीपुढे निमूटपणे मान तुकवतो. २०२० च्या टाळेबंदीत ज्या वाण्याने वहीवर उधार लिहून घेतले, त्याची वाट आपण किती लवकर विसरलो!

त्या दुकानांची पायरीच चढू नये, असा फतवा आम्ही काढत नाही. ज्यांना परवडते त्यांनी निदान भाजीवालीचा आणि वाण्याचा दाम पुरता द्यावा, गरजेपुरतेच घ्यावे आणि अतिस्वस्त वस्तू हाती येताच ती कोणी, कशा स्थितीत बनवली हे दुकानदाराला विचारावे. भाकर आणि द्राक्षारस वेदीवर नेताना आपण कष्टकऱ्यांचे श्रमही देवापुढे नेतो. त्या श्रमांचा मोबदला बुडवून घेतलेले नवे कपडे अंगावर चढवून आपण कोणत्या तोंडाने गोठ्यातील बाळापुढे गुडघे टेकणार?