बन्नेरघट्ट्याचा पट्टा कोणासाठी आक्रसला?

बंगळूरच्या दक्षिणेस आनेकल तालुक्याला लागून बन्नेरघट्ट्याचे रान पसरले आहे. १९७४ मध्ये त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. हे रान पुढे कावेरीकाठच्या अरण्याशी जोडलेले असून हत्तींचे कळप याच वाटेने ये-जा करीत आले आहेत. परंतु याच तालुक्यात जिगणी व बोम्मसंद्र येथील औद्योगिक वसाहती, ग्रॅनाइटच्या खाणी आणि भूखंडांचा तेजीतला बाजार आहे. येथे जमिनीला सोन्याचे मोल आले आहे आणि त्या सोन्याच्या आड हत्ती येतो.

उद्यानाभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा इतिहास पुरेसा बोलका आहे. २०१६ च्या मसुद्यात ते २६८.९६ चौरस किलोमीटर होते. २०१८ च्या मसुद्यात ते १६८.८४ वर आले आणि मार्च २०२० च्या केंद्रीय अधिसूचनेने त्यावर शिक्कामोर्तब केले. शंभर चौरस किलोमीटर कागदावरून पुसले गेले! काही ठिकाणी साडेचार किलोमीटर रुंद असलेला पट्टा आता कोठेही एक किलोमीटरहून अधिक नाही. कोठे तर अवघा १०० मीटर. या काळात राज्यात काँग्रेसचे, आघाडीचे आणि मग भाजपचे सरकार आले. नकाशा मात्र एकाच दिशेने सरकला.

या पट्ट्यात शेतीला मनाई नाही. मनाई आहे ती व्यापारी खाणकामाला व प्रदूषणकारी कारखान्यांना. तरीही जमीन हातची जाईल, या भीतीने लहान शेतकऱ्याने विरोध केला आणि त्याच्या आडून लाभ झाला तो दगड व भूखंड विकणाऱ्यांचा. नाचणी पिकविणाऱ्याच्या पदरी काय पडले? रान कोंडले की हत्ती त्याच्याच शेतात उतरतो आणि भरपाईसाठी वनखात्याचे उंबरठे त्यालाच झिजवावे लागतात.

भांडवलापुढे वाकणारी ही रेषा आदिवासीपुढे मात्र ताठ असते. बन्नेरघट्टा परिसरात इरुळिग व हक्की-पिक्की जमाती राहतात. २००६ च्या वनाधिकार कायद्यानुसार दाव्यांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणासही हुसकावता येत नाही. तरी १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्या लाखो कुटुंबांना वनातून काढण्याचा आदेश दिला. देशभर संताप उसळल्यावर पंधरवड्यात त्यास स्थगिती मिळाली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील झोपडीवासीयांनी १९९७ च्या उच्च न्यायालयीन आदेशानंतर हाच अनुभव घेतला होता.

२०१६ ची हद्द पूर्ववत करावी, ग्रामसभांमार्फत वनाधिकाराचे दावे निकाली काढावेत आणि पिकांची भरपाई त्याच हंगामात द्यावी, या तिन्ही मागण्या एकत्रच लढविल्या पाहिजेत. पहिली तेवढी उचलली तर शेतकरी पुन्हा भूखंडवाल्यांच्या मागे जाईल.