स्पर्धा कुणाच्या जिवावर?



'आपले शहर स्पर्धेत टिकले पाहिजे' हे वाक्य महापालिकेच्या अंदाजपत्रकात, उद्योजकांच्या परिषदांत आणि निवडणुकीच्या जाहीरनाम्यांत सारखे ऐकू येते. गुंतवणूक खेचली नाही तर कंपन्या दुसऱ्या शहरात जातील, अशी धास्ती त्यामागे असते. या धास्तीच्या नावाखाली काय चालते ते आपण रोज पाहतो. मोठे पाहुणे येणार म्हणून पथारी उचलली जाते. रस्ता रुंद करायचा म्हणून भाजीबाजार लांब हलवला जातो. खर्च वाचवायचा म्हणून झाडणकाम ठेकेदाराकडे जाते. स्पर्धेची पहिली किंमत बाई मोजते. तेव्हा 'अर्थकारण हा आपला विषय नाही' असे म्हणून चालणार नाही.

मी पुण्यातल्या वस्त्यांमध्ये घरकामगार आणि पथारीवाल्या बायकांबरोबर काम करते. एम.एस.डब्ल्यू. करताना शहराच्या अर्थव्यवस्थेबद्दल जे शिकवले गेले त्यात जमीन होती, भांडवल होते, रस्ते होते. बाईचा वेळ कुठेच नव्हता. माझे म्हणणे असे की शहराच्या स्पर्धेचा खरा प्रश्न त्या वेळेचाच आहे.

आधी हे पाहू, की महापालिकेच्या हातात आहे तरी काय? उद्योगांना सवलती द्यायच्या त्या राज्य सरकार देते. सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे. कारखान्यांना जमीन एमआयडीसी देते. विजेचा दर आयोग ठरवतो. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटीही गेला, आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. महापालिका आता राज्याच्या भरपाईकडे डोळे लावून बसते. म्हणजे करसवलतींच्या स्पर्धेत उतरायची महापालिकेची ताकदच नाही. तिच्या हातात काय उरते? पाणी, गटारे, संडास, दिवे, रस्ते, मंडया, दवाखाने, प्राथमिक शाळा, शहराची बस. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेली बारावी अनुसूची काढून वाचा. आर्थिक विकासाचे नियोजन आणि शहरी गरिबी हटवणे हीसुद्धा नगरपालिकांची कामे म्हणून तिथे लिहिलेली आहेत.

आता ही यादी आणि बाईचा दिवस शेजारी शेजारी ठेवा. नळाला पाणी किती वाजता येते यावर ती कामाला किती वाजता निघणार ते ठरते. वस्तीतला संडास तुंबला की सकाळचा तास रांगेत जातो. बस नसली तर दोन घरांची कामे सोडावी लागतात. मूल कुठे ठेवायचे हे ठरले नाही तर नोकरीचा विचारच संपतो. महापालिकेच्या हातातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट बाईच्या वेळेशी बांधलेली आहे.

सरकारचेच आकडे घ्या. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरचे बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला २८९ मिनिटे जातात, पुरुषाची ८८. २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीत शहरातल्या पंधरा वर्षांवरच्या दर शंभर बायकांपैकी फक्त २८ जणी कामावर होत्या किंवा काम शोधत होत्या. जे शहर आपल्या निम्म्या माणसांचे श्रम पाण्याच्या रांगेत आणि बसथांब्यावर फुकट घालवते, ते कोणती स्पर्धा जिंकणार?

यावर एक उत्तर ठरलेले असते : 'आधी कंपन्या येऊ द्या, मग बायकांनाच काम मिळेल. पाळणाघरे, संडास नंतर बघू.' तर हिंजवडीकडे पाहा. राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान पार्क एमआयडीसीच्या जागेवर, महापालिकेच्या हद्दीबाहेर उभे राहिले. कंपन्या आल्या. आणि २०२५ मध्ये तिथून ओरड कशाची झाली? वाहतूक कोंडीची, पावसात रस्त्यावर साचणाऱ्या पाण्याची. कंपन्या निघून जातील ही भीती तेव्हा राज्यकर्त्यांच्या तोंडून ऐकू आली. म्हणजे भांडवलालाही शेवटी गटार आणि बसच लागते. ती वेळेवर करणे म्हणजे उपकार नव्हेत, तो अर्थकारणाचा पाया आहे.

'पैसा कुठून आणणार?' हा दुसरा ठरलेला प्रश्न. पैसा आहे, तो कुठे जातो हे विचारा. पुणे विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २०२० मध्ये पाडले. बांधून पुरती पंधरा वर्षेही झाली नव्हती. २०१५ ची स्मार्ट सिटी योजना पुण्यात आली तेव्हा क्षेत्रविकासासाठी निवड झाली औंध-बाणेर-बालेवाडीची, म्हणजे आधीच बऱ्या स्थितीतल्या भागाची. कारभार कंपनी स्थापून चालवला, सभागृहाच्या बाजूने वाट काढून. ती योजना मार्च २०२५ मध्ये संपली. त्यातून वस्तीतल्या बाईचा किती वेळ वाचला, याचा हिशेब कुणी मांडला आहे का?

उलट, बायकांनी स्वतः उभे केलेले अर्थकारण बघा. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली. तिच्यातून निघालेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी पुणे महापालिकेने २००८ मध्ये करार केला. तीन हजारांहून अधिक कचरावेचक, त्यात बहुसंख्य दलित बायका, घरोघरचा कचरा गोळा करतात, वेगळा करतात, विकण्याजोगे ते विकून पोट भरतात. महापालिकेचा वाहतुकीचा आणि कचरा जिरवण्याचा खर्च वाचतो. आणि तरी कराराची मुदत संपत आली की या बायकांच्या डोक्यावर टांगती तलवार असते, कारण मोठे ठेकेदार दारात उभे असतात.

पथारीवाल्यांचेही तेच. २०१४ च्या कायद्याने पाहणी करून प्रमाणपत्र देईपर्यंत कुणालाही उठवायला मनाई केली. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, आणि त्यांत एक तृतीयांश बायका असल्या पाहिजेत. हा कायदा अतिक्रमण विभागाच्या गाडीला माहीत असतो का? स्वस्त भाजी आणि स्वस्त जेवण दारात मिळते म्हणून शहरातल्या कामगाराचा पगार पुरतो. त्या स्वस्ताईचा फायदा कारखानदार घेतो आणि टोपली मात्र आमची जप्त होते.

दुसरीकडे काय करतात? कोलंबियाच्या बोगोटा शहराने २०२० पासून देखभाल केंद्रे उघडायला सुरुवात केली. एकाच ठिकाणी मुलांची आणि वृद्धांची देखभाल, कपडे धुण्याची सोय, आणि तेवढ्या वेळात बाईला शिकण्याची, प्रशिक्षणाची संधी. हे काम तिथल्या शहर सरकारने केले.

आपल्याकडे २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पण मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकांपर्यंत पुण्यात प्रशासकच कारभार पाहत होते. निम्म्या जागा सोडाच, सभागृहच नव्हते. आता ते आहे. तेव्हा महिला व बालकल्याणाच्या निधीतून शिलाई मशीन आणि मेंदीचे वर्ग यावर आपली बोळवण होऊ द्यायची नाही. आपले भांडण सगळ्या अंदाजपत्रकाशी आहे.

मागण्या साध्या आहेत :

१. प्रत्येक वस्तीत आणि प्रत्येक मंडईत महापालिकेचे पाळणाघर, बायकांच्या कामाच्या वेळा धरून.
२. पाणी ठरलेल्या वेळी. वेळ बदलली तर आदल्या दिवशी कळवणे.
३. बाजार आणि बसस्थानकांवर बायकांसाठी विनाशुल्क, पाणी असलेली मुतारी.
४. पहाटे आणि रात्री कामावर जाणाऱ्या बायकांच्या मार्गांवर पुरेशा बस.
५. पथविक्रेत्यांना प्रमाणपत्रे, कचरावेचकांना दीर्घ मुदतीचे करार.
६. कोणत्याही मोठ्या प्रकल्पाआधी, त्याने बायकांचा वेळ आणि रोजगार किती वाढतो वा घटतो, याचा जाहीर हिशेब.

पुण्यात नागरिकांनी प्रभागातली कामे सुचवण्याची पद्धत २००६ मध्ये सुरू झाली. यंदा आपल्या गटाने ती वापरावी. आठवडाभर प्रत्येकीने आपला पाण्याचा, संडासाचा, बसचा वेळ वहीत मांडावा. लिहिता येत नसेल तिच्यासाठी दुसरीने लिहावे. त्या वह्या घेऊन नगरसेविकेकडे जायचे आणि विचारायचे : बाई, तुम्ही आमच्या मतांवर निवडून आलात. येत्या अंदाजपत्रकात आमचे हे तास कुठे लिहिले आहेत ते दाखवा.