सिस्टरच्या हाती लेखणी द्या

औषध लिहून देणे हा केवळ डॉक्टरांचा अधिकार होय, हे वाक्य आपल्याकडे विश्वासांगीकारातील एखादे कलम असावे अशा थाटात उच्चारले जाते. वस्तुतः तो माणसांनी केलेला नियम आहे आणि तो रुग्णाच्या रक्षणासाठी केलेला आहे. जेथे तो रुग्णाच्याच वाटेत आडवा येतो, तेथे शब्बाथाविषयी प्रभूने परुश्यांना दिलेले उत्तर आठवावे. सरकारी आरोग्यसेवेतील नोंदणीकृत परिचारिकेला ठराविक आजारांवर ठराविक औषधे स्वतःच्या सहीने लिहून देण्याचा अधिकार मिळालाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपला मुलूख पाहा. मुरबे आणि सातपाटी पाण्याने हाकेच्या अंतरावर, पण खाडीला वळसा घालून रस्त्याने जायचे तर केवढा फेरा! उत्तरेला तारापूर, देशातील पहिले अणुवीज केंद्र तेथे १९६९ साली सुरू झाले. अणूपासून वीज काढणाऱ्या या टापूत अंगात ताप घेऊन बंदरावर उतरलेला खलाशी, धाप लागलेले तान्हे मूल, रक्तदाबाच्या गोळ्या संपलेली म्हातारी प्रथम कोणासमोर उभी राहते? सिस्टरसमोर. डॉक्टर बैठकीला, शिबिराला वा शवविच्छेदनाला गेलेले असतात. मग सिस्टर अनुभवाच्या बळावर औषध देते. रुग्ण बरा झाला तर यश डॉक्टरांचे. काही विपरीत घडले तर बोट सिस्टरकडे. तिच्याकडून काम करून घ्यायचे आणि कायद्याचे संरक्षण मात्र द्यायचे नाही, याला न्याय म्हणत नाहीत.

शासनाला हे ठाऊक नाही असे नाही. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले; २०२३ मध्ये त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव मिळाले. तेथे परिचर्येचे पदवीधर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून नेमले गेले. परंतु रक्तदाब, मधुमेह यांचा उपचार डॉक्टरने सुरू करावा आणि यांनी पुढच्या गोळ्या द्याव्यात, अशी त्या योजनेची मांडणी. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या ३२ व्या कलमाने प्राथमिक आरोग्यसेवेत मर्यादित औषधे स्वतंत्रपणे लिहून देणाऱ्या सेवकाची तरतूद केली, पण त्या कलमात परिचारिका हा शब्दच नाही. तेवढ्या तरतुदीवरही डॉक्टरांच्या संघटनेने ३१ जुलै २०१९ रोजी देशभर चोवीस तास काम थांबवले.

याच महाराष्ट्राचा दुसरा अनुभव काय सांगतो? जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याने १९७० पासून खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्याचे काम शिकवले. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या प्रयोगात गावातील स्त्रियांनी नवजात बालकांना जेंटामायसिनचे इंजेक्शन दिले. नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या स्त्रिया परिचारिकाही नव्हत्या! पुढे २०१४ मध्ये केंद्र शासनाने विशिष्ट परिस्थितीत हेच इंजेक्शन देण्याची मुभा एएनएम भगिनींना दिली. त्याच वर्षी आपल्या राज्याने होमिओपॅथीच्या पदवीधरांना एक वर्षाचा अभ्यासक्रम करून ॲलोपॅथीची औषधे देण्याची वाट कायद्याने खुली केली. मग जिचे सारे शिक्षणच ॲलोपॅथीच्या रुग्णालयात, रुग्णाच्या उशाशी झाले, तिच्यावरच अविश्वास का?

ब्रिटनने १९९२ साली यासाठी कायदा केला आणि २००६ पासून विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना जवळजवळ सर्व औषधे लिहिण्याची मोकळीक दिली. आपल्या धर्मग्रामांतील मुली परिचर्या शिकून परदेशी जातात. वरचे प्रशिक्षण घेतल्यावर ज्या हातांना तेथे लेखणी मिळू शकते, ते हात मायदेशी केवळ ट्रे धरण्याच्या लायकीचे ठरावेत काय?

दोन आक्षेप विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला, प्रतिजैविकांचा अतिवापर वाढेल. धोका खरा आहे. परंतु आज सिस्टर नाही म्हणते तेव्हा रुग्ण औषधावाचून राहत नाही. तो भोंदू डॉक्टरकडे जातो किंवा दुकानातून चिठ्ठीविना गोळ्या आणतो. त्यापेक्षा औषधांची छापील यादी, प्रत्येक चिठ्ठीची नोंद आणि वैद्यकीय अधिकाऱ्याची नियमित तपासणी हे बंधन केव्हाही बरे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर: शहराला डॉक्टर आणि खेड्याला स्वस्तातली सिस्टर, अशी विभागणी होईल. म्हणूनच माझी मागणी सशर्त आहे. डॉक्टरांचे एकही पद यामुळे रिकामे राहता कामा नये. हा अधिकार प्रशिक्षण आणि परीक्षेनंतरच मिळावा. आणि जिच्यावर एवढी जबाबदारी टाकायची, तिला कंत्राटावर टांगून ठेवू नये.

ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण या बाबतीत संदिग्ध नाही. परमगुरू अकरावे पायस यांनी १९३१ च्या परिपत्रकात मांडलेले तत्त्व असे, की जे काम खालच्या पायरीवर नीट होऊ शकते, ते वरच्या पायरीने आपल्याकडे ओढून घेऊ नये. तो अन्याय होय. चांगला शोमरोनी वैद्य नव्हता. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या आणि मग जखमीला उतारशाळेत पोहोचवले. हाताशी असलेला उपचार आधी, पुढची सोय त्यानंतर. उत्तम परिचारिका नेमके हेच करते. याजक आणि लेवी मात्र बाजूने निघून गेले. आपापल्या अधिकाराच्या सीमा सांभाळणाऱ्यांनी, आम्हां धर्मगुरूंनीसुद्धा, त्यांच्याकडे पाहून अंतर्मुख व्हावे.

वाचकहो, हा प्रश्न डॉक्टर आणि परिचारिका यांच्या मानापमानाचा नाही. तुमच्या घरातील तापलेल्या बालकाचा आहे. ग्रामसभेत रस्ता आणि पाणी यांच्या बरोबरीने तो मांडा. मते मागायला येणाऱ्यांना विचारा, की आमच्या सिस्टरला सहीचा अधिकार कधी देणार, आणि तिच्या कपाटात औषधे कधी भरणार? सहीविना औषध जसे निरुपयोगी, तशीच औषधाविना सहीही निरुपयोगी.