पाचव्या वर्षी कुठे होतो?

पुण्याच्या कल्याणीनगर अपघातातील अल्पवयीन मुलावर प्रौढ समजून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने फेटाळली आणि त्याला जामीन देताना घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवरून उसळलेला संताप पुन्हा उफाळला. तो गैर नाही. दोन तरुण जीव गेले आहेत. त्या मुलाचे काय करायचे ते कायदा पाहील. आमचा राग वेगळाच आहे. मूल सतरा वर्षांचे झाले की सारे राज्य मुलांच्या वर्तनावर बोलू लागते. ते पाच वर्षांचे असते तेव्हा कुणाला फुरसत नसते.

शाळा सुटताना फाटकाशी उभे राहून पाहा. ‘तुमचा मुलगा सगळ्यांना मारतो,’ असे बाई सांगतात आणि बाप तिथेच, चारचौघांत, पोराच्या कानाखाली वाजवतो. ज्याचा हात मोठा त्याचे चालते, एवढेच पोर शिकते. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शाळेतली छडी बंद केली. पण छडीऐवजी काय करायचे, हे ना बाईंना कुणी शिकवले ना बापाला.

आणि हे शिकवता येते! अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये १९८५ साली पहिलीच्या काही वर्गांत एक साधा खेळ सुरू झाला. वर्गाचे गट पाडायचे, नियम आधी सांगायचे. कुणी नियम मोडला की फळ्यावर त्याच्या गटापुढे एक रेघ. ठरलेल्या आकड्याच्या आत राहिलेले सगळे गट जिंकले. आरडाओरडा नाही, कोपऱ्यात उभे करणे नाही. त्या वर्गांतली सर्वांत दांडगी मुले विशीत आली, तेव्हा त्यांच्यात व्यसनाचे प्रमाण इतर वर्गांतल्या तशाच मुलांपेक्षा बरेच कमी आढळले. पालकांना हे शिकवणारे वर्गही अनेक देशांत चालतात: पोर शहाण्यासारखे खेळत असेल तेव्हा त्याला शाबासकी द्या, नियम मोजके ठेवा, आज एक उद्या दुसरे करू नका, हात उगारू नका.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत हाती घेतलेल्या कामातून बालवाडी मुलांच्या अंगणात गेली. त्याच महाराष्ट्रात आज अंगणवाडी सेविकेचा दिवस वजन-उंची मोबाइलमध्ये भरण्यात जातो, आणि पालकसभेत गुण आणि गणवेशापलीकडे विषय नसतो. सरकारने बालवाडी आणि पहिलीच्या प्रत्येक बाईंना येत्या प्रशिक्षणात छडीऐवजी काय करायचे हे शिकवावे. आणि पालकसभा बापाला कामावरून येता येईल अशा वेळी, संध्याकाळी घ्यावी.