दुसरी वाट कुठंय?

डबलडेकर म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? वरच्या मजल्यावरची सगळ्यात पुढची सीट, बरोबर ना? समोरच्या उघड्या खिडकीतून येणारा वारा आणि काचेवर सपकन आपटणाऱ्या झाडाच्या फांद्या. मुंबईत १९३७ पासून धावणारी जुनी डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला बंद झाली, त्या दिवशी आपल्या सगळ्यांच्या स्टेटसला तीच होती. माझ्याही.

त्यामुळे आमच्या फेस्टच्या कमिटीत कुणीतरी म्हणालं, ‘शहराबाहेर एका ढाब्यावर जुनी डबलडेकर उभी आहे, तिचा कॅफे केलाय, तिथे लाँच करू’, तेव्हा सगळ्यात आधी हात मी वर केला.

बघायला गेलो. बस एकदम झकास दिसत होती. लालभडक रंग, वर फेअरी लाइट्स, छताला प्लॅस्टिकच्या वेली, खाली नकली हिरवळ. जिन्याच्या पायथ्याशी छोटंसं किचन, तिथे गॅसची शेगडी आणि सिलिंडर. आमचा प्लॅन होता वर पन्नास जण बसवायचा. मी सहज विचारलं, ‘वरून खाली यायला दुसरी वाट कुठंय?’ मालकांनी मागच्या बाजूला बोट दाखवलं. तिथली आपत्कालीन खिडकी प्लायवूड ठोकून बंद केली होती आणि त्यावर निऑनची अक्षरं लावून सेल्फी पॉइंट केला होता.

‘अहो मॅडम, बस चालतच नाही. आग कशाने लागणार?’

खरं सांगते, क्षणभर मलाही पटलं. चालत्या बसला आग लागते ती बहुतेक वेळा डिझेल किंवा ऑइल गळून तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं की, किंवा जुन्या वायरचं आवरण कडक होऊन तडकलं आणि शॉर्टसर्किट झालं की. इथे तर इंजिनच काढून टाकलेलं. पण मग डोळ्यांसमोरच्या गोष्टी मोजल्या. वायरी होत्या, उलट आधीपेक्षा जास्त. गॅस होता. फोम होता, प्लॅस्टिक होतं. इंजिन सोडलं, तर आगीला लागणारं सगळं सामान तिथे होतं.

डबलडेकरची मूळ अडचण साधी आहे. धूर वर जातो आणि माणसांना खाली यायचं असतं. दोघांची वाट एकच, जिना. खाली पेट घेतला की तोच जिना धुराड्यासारखा काम करतो. आणि माणूस ज्वाळांच्या आधी धुरानेच बेशुद्ध पडतो.

मग जुने इंजिनिअर वेडे होते का? अजिबात नाही. लंडनची प्रसिद्ध रूटमास्टर घ्या. तिचा पहिला नमुना १९५४ चा. नेहमीच्या आकाराच्या गाडीत ६४ सीट, त्यातल्या ३६ वर, आणि जिना एक. पण इंजिन पुढे, जिना मागे, म्हणजे इंजिनने पेट घेतला तर लोक उलट्या दिशेने बाहेर पडणार. खाली मागचा प्लॅटफॉर्म उघडा, म्हणजे अडकायला दरवाजाच नाही. शिवाय वर मागे आपत्कालीन खिडकी. त्रुटी होत्याच. जिना अरुंद, वळणाचा. उघड्या प्लॅटफॉर्मवरून चालत्या बसमधून माणूस पडायची भीती. आणि त्या खिडकीतून उडी मारणं म्हणजे घराच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून उडी मारण्यासारखं.

पण त्या त्रुटींवर पांघरूण घालणारा एक माणूस बसमध्ये असायचा, कंडक्टर. मुंबईत तर दोन असायचे, एक खाली, एक वर. गर्दी किती झाली, जिन्यावर कोण उभं आहे, जळका वास येतोय का, हे बघणारे डोळे. घंटी वाजली की बस थांबायची. ती बस त्या माणसाला धरूनच डिझाइन झाली होती. आज आपण बस जपतो, रंगवतो, प्री-वेडिंग शूटला भाड्याने घेतो. कंडक्टर मात्र घेत नाही. मग जी गोष्ट तेव्हा चालून जायची, ती आता सापळा होते.

‘मूळ रूप बदललं तर विंटेज कसली?’ असं आमच्या कमिटीतलाच एक जण म्हणाला. मला हे पटत नाही. नकली हिरवळ आणि निऑन लावताना मूळ रूप आठवत नाही, अग्निशामक सिलिंडर लावतानाच बरं आठवतं! आणि ती आपत्कालीन खिडकी मूळ रूपातच होती. आपणच ती बंद केली.

मुंबईत २०२३ मध्ये आलेल्या इलेक्ट्रिक डबलडेकरला दोन जिने आहेत. जुन्यातली चूक कुणीतरी ओळखली, म्हणून नव्यात दुरुस्त झाली. पण एसी बसच्या काचा बंद असतात, तेव्हा काच फोडायची हातोडी कुठे आहे, हे तिथेही बघायलाच हवं. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात बस उलटून पेटली, २५ जण गेले. ती डबलडेकर नव्हती. पण बस दाराच्याच बाजूवर पडली होती आणि जे वाचले त्यांच्यातले काही काच फोडून बाहेर आले. नेहमीची वाट बंद झाल्यावर दुसरी वाट आहे की नाही, यावर सगळं ठरतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. जुन्या डबलडेकर भंगारात काढू नका, जपा. पण वर माणसं चढवणार असाल तर मागची खिडकी उघडी ठेवा, गॅस बसच्या बाहेर न्या, वायरिंग नवं करा, वर किती जण चालतील ते लिहून लावा आणि खाली एक माणूस उभा ठेवा. आणि आपण गिऱ्हाईक म्हणून हे विचारायला लाजायचं नाही. आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का, हे बघायला पाच सेकंद लागतात. तिथला काटा लाल पट्ट्यात होता.

मालकांनी प्लायवूड काढायला नकार दिला. आम्ही लाँच बससमोरच्या मोकळ्या अंगणात केलं. फोटो तितके भारी आले नाहीत, अर्धी कमिटी अजून माझ्यावर खार खाऊन आहे. त्या ढाब्यावर मात्र दर शनिवारी दुसऱ्या कुणाची तरी पार्टी असते, वरच्या मजल्यावर. कदाचित पुढच्या शनिवारी तुमची असेल. गेलात तर सेल्फी पॉइंटच्या मागे काय आहे, ते आधी विचारा.